कोषावर जायला तयार नसलेल्या अळ्या

१२ सप्टेंबर. चंद्रिका धुणे.

चंद्रिका म्हणजे प्लॅस्टिकच्या घड्याघड्यांच्या जाळ्या. रेशमाची अळी पिकली की तिला यांच्यावर सोडायचं, म्हणजे ती एखादी घडी बघून बसते आणि आपल्याभोवती कोष विणते. वापरलेल्या चंद्रिकेला जुन्या धाग्यांचा कापूस चिकटलेला असतो. तो आधी ज्योत वरच्यावर फिरवून जाळायचा, मग जाळी ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवायची, घासायची आणि उन्हात टाकायची. त्या दिवशी मी आणि माझी धाकटी जाऊ सकाळपासून हौदावर तेच करत होतो. माझ्या शेडातल्या अळ्या आदल्या दिवशीच कोषावर गेल्या होत्या. तिच्याही आजपर्यंत जायला हव्या होत्या.

तिची ही पहिलीच बॅच. आमची शेती सेलू आणि देवगाव फाट्याच्या मधे, रस्त्याला लागून. दोन्ही भावांची वाटणी कधीच झाली आहे, विहीर तेवढी सामाईक. मी रेशीम करायला लागून बरीच वर्षं झाली. जाऊ इतकी वर्षं माझ्या शेडात हाताखाली यायची आणि एक दिवस म्हणाली, मलाही माझं शेड पाहिजे. दीर तयार नव्हते. ते शेड त्यांनी बांधलं होतं ट्रॅक्टरसाठी. बऱ्याच बाचाबाचीनंतर त्यांनी एक बॅच दिली. तोपर्यंत ट्रॅक्टर लिंबाखाली ताडपत्री पांघरून भिजणार, आणि कोष झाले नाहीत तर अळ्या बाहेर, ट्रॅक्टर आत. पुन्हा विषय काढायचा नाही. हे सगळं त्यांनी माझ्या नवऱ्यासमोर आणि माझ्यासमोर बोलून घेतलं. दीर माणूस वाईट नाही, पण शब्दाचा पक्का आहे, आणि अशा माणसाचा जास्त त्रास होतो.

तर आम्ही जाळ्या घासत होतो आणि गल्लीतल्या बायका अळ्या बघायला येत होत्या. अळ्या बघण्यासारख्याच होत्या. माझ्या पिकल्या तेव्हा करंगळीपेक्षा थोड्या जाड होत्या, हिच्या अंगठ्याएवढ्या. पांढऱ्याशुभ्र, टणक, पाला टाकला की शेडभर कुरकुर आवाज.

"आगं माय, ह्या अळ्या हायेत का काकड्या?" एक म्हणाली.

"थोरलीच्या असल्या कधी न्हाई झाल्या," दुसरी म्हणाली. मी शेजारीच उभी होते.

जावेने दारात लिंबू-मिरची बांधली होतीच. संध्याकाळी दृष्ट काढायला म्हणून ती मीठ-मोहऱ्या आणि सात लाल मिरच्या घेऊन निखाऱ्याची पाटी आत न्यायला लागली. मी आडवी आले.

"आत मिरच्या जाळल्यास तर दृष्टीच्या आधी तुझ्या अळ्या जातील."

"मग कुठं काढू, आक्का?"

"माझी काढ अंगणात. सकाळपासून मी ऐकायलेय."

तिने खरंच काढली. हसत हसत काढली, पण सोडली नाही.

त्या दिवशी अळ्या पिकल्या नाहीत. पिकलेली अळी ओळखायला सोपी असते. खाणं सोडते, आक्रसते, अंगावर पिवळसर झाक येते, उजेडाला धरली तर आरपार दिसते, आणि डोकं वर करून टेकू शोधत हिंडते. यांच्यातली एकही डोकं वर करत नव्हती. सगळ्यांची तोंडं पाल्यात.

हौदावर बसल्या बसल्या जावेने मला विचारलं होतं, एवढ्याशा अळीत एवढा धागा मावतो कसा? मी बी.एस्सी. झाले, परभणीत, प्राणिशास्त्र घेऊन. लग्नानंतर त्याचा उपयोग दहावीच्या पोरांना आकृत्या काढून देण्यापलीकडे झाला नव्हता. रेशीम सुरू केल्यावर मात्र मी जुन्या वह्या काढल्या. तिला जे सांगितलं ते इथेही सांगते, कारण पुढचं त्याच्यावाचून कळणार नाही.

धागा मावत नाही. अळीच्या पोटात दोन्ही बाजूंना एकेक लांब, नागमोडी नळी असते. ती रेशमाची ग्रंथी. आत असतो तो चिकट रस. तो तोंडाशी येऊन ओढला जातो तेव्हा धागा होतो. हा रस त्या नळीच्या भिंतीतल्या पेशी बनवतात. गंमत अशी की या पेशी किती असायच्या ते अळी अंड्यातून बाहेर यायच्या आधीच ठरलेलं असतं. पुढे अळी हजारो पटींनी वाढते, पण ग्रंथीतली पेशी दोन पेशींत वाटली जात नाही. एरवी पेशी आपल्या डीएनएची दुसरी प्रत काढते ती वाटणीसाठीच. दोन भाऊ वेगळे झाले की प्रत्येकाला कागद लागतात तसं. इथे प्रती निघत राहतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार, आणि वाटणी होतच नाही. पेशीचं केंद्रक फुगून फुगून झाडाच्या फांद्यांसारखं पसरतं.

"म्हंजी एकत्र कुटुंब," जाऊ म्हणाली.

"हो. आणि सगळे कमावते."

हे एवढे कागद कशाला, तर कामाला. आपल्या तहसिलीत मूळ दप्तर कुणाच्या हातात देत नाहीत. अर्ज केला की नक्कल मिळते, आणि नक्कल घेऊन माणूस पुढच्या टेबलावर जातो. पेशीतही डीएनए केंद्रकाबाहेर येत नाही. त्यातल्या एखाद्या जनुकाची, म्हणजे एका मजकुराची, नक्कल निघते. तिला आरएनए म्हणतात. ती बाहेर जाते, आणि बाहेर बसलेले रायबोसोम ती वाचून अमिनो आम्लांचे मणी एकापुढे एक ओवत जातात. ती माळ म्हणजे प्रथिन. रेशीम हेही प्रथिनच. फक्त त्याची माळ फार लांब आणि मणी मोजक्याच प्रकारचे, तेच ते पुन्हा पुन्हा. म्हणून या पेशी नेमके तेच मणी वाहून आणणारे हमाल जास्त ठेवतात. मोंढ्यात सोयाबीनच्या दिवसांत हमाल वाढवतात तसं. मणी येतात तुतीच्या पाल्यातून. अळीच्या डोळ्याच्या पेशीतही, पायाच्या पेशीतही रेशमाचं जनुक आहेच, अक्षर न् अक्षर तेच. पण तिथे त्याची नक्कल कुणी मागत नाही. कुठल्या पेशीत कुठल्या जनुकाची नक्कल निघायची आणि कधी, यावरच अळीचं सगळं चालतं. आपलंही.

जाऊ म्हणाली, "आता जाळी उलटी करा आक्का, ही बाजू झाली."

तेरा तारखेला अळ्या पिकल्या नाहीत. चौदाला नाहीत. मी तिला म्हटलं, हवा दमट आहे, एखादा दिवस इकडे तिकडे होतो. पंधरा तारखेला सकाळी गेले तर दीर शेडाच्या दाराला टेप लावून उभे होते.

"काय मोजायलात, भाऊजी?"

"दार. ट्रॅक्टर आरशासकट जाईल का बघायलोय."

"आरसे दुमडतात."

"ते मला ठावं हाय, वहिनी. तुमच्या अळ्या कवा दुमडायल्यात ते सांगा."

जाऊ आत पाला टाकत होती. तिने ऐकलं, पण वळून बघितलं नाही. तिची पाला टाकायची पद्धत चांगली आहे, फांद्या एकीवर एक आडव्या-उभ्या, पोकळ राहतील अशा. त्या दिवशी नुसत्या ढकलत होती. मला म्हणाली, "आक्का, मी रडणार न्हाई. पण मला खरं सांगा. ह्या करणार हायेत का न्हाई?"

मला माहीत नव्हतं. माहीत नाही हेच मी सांगितलं.

रोग नव्हता. रोगट अळी सुस्त होते, काळी पडते, तिला जुलाब होतात. या तर पैलवान होत्या. अंडी खराब म्हणावी तर दोघींनी चॉकी, म्हणजे दोन वेळा कात टाकलेली पिल्लं, एकाच केंद्रातून एकाच दिवशी एकाच टेम्पोतून आणली होती. चौथी कात टाकून उठल्याही दोन्हीकडे एकाच सकाळी. फरक राहिला तो पाल्याचा. माझी तुती ओढ्यापलीकडे आहे. तिची आमच्या विहिरीपाशी, आणि तिच्या पश्चिमेच्या बांधाला लागून शेजारच्या मामांची कपाशी.

मामा म्हणजे नात्याने कुणी नाही, सगळं गाव त्यांना मामा म्हणतं. त्यांच्या कपाशीवर पांढरी माशी आली होती आणि चौथ्या कातीच्या सुमारास त्यांनी फवारणी केली होती. गुपचूप नाही. आदल्या दिवशी येऊन सांगून गेले होते. शिवाय वारा आमच्याकडे होता म्हणून पश्चिमेच्या सहा ओळींचा पाला मी तपासूनच पास केला होता. तपासायची आमच्याकडची सगळ्यांची रीत एकच. वीस अळ्या वेगळ्या काढायच्या, एक दिवस तोच पाला घालायचा. मेल्या, वांत्या केल्या, वळवळल्या तर पाला बाद. नाहीतर चांगला. मी माझ्या शेडातल्या वीस घेतल्या, घमेल्यात ठेवल्या, पूर्ण एक दिवस तिच्या पश्चिमेच्या ओळींचा पाला घातला. एकीलाही काही झालं नाही. छान खाल्लं. मी जावेला म्हटलं, घाल बिनधास्त. आणि त्या वीस परत माझ्याच शेडात, दाराजवळच्या खालच्या फळीच्या कोपऱ्यात सोडून दिल्या.

हे आठवलं तेव्हा मी जावेच्या दारात उभी होते. तिथून तडक माझ्या शेडात गेले.

माझं शेड शांत होतं. चंद्रिका कोषांनी भरलेल्या. दाराजवळच्या खालच्या फळीवर मी कोषावर न गेलेल्या मागास अळ्यांसाठी थोडा पाला टाकून ठेवला होता. रोज सकाळी सवयीने टाकायचा आणि पुढे जायचं, वाकून बघायची वेळ नव्हती. आता वाकून बघितलं. जाडजूड, पांढऱ्या, तोंड पाल्यात घातलेल्या. मोजल्या. वीसपैकी सतरा.

मी तिथेच पोत्यावर बसले. पाला मी पास केला होता, आणि माझ्या परीक्षेत अळी मरते का एवढा एकच प्रश्न होता.

मग मामांकडे गेले. मामा बाजेवर बसून सुपारी कातरत होते.

"मामा, कपाशीला कोणतं औषध मारलं?"

"का माय? मेल्या का काय अळ्या?"

"मेल्या नाहीत. तेच तर."

"मरतील कशा? मी फाट्यावरच्या दुकानदाराला सांगूनच आणलं. म्हणलं, शेजारी पोरीनं रेशीम धरलंय, मारणारं औषीद देऊ नगं. मऊ दे. त्यानं हे दिलं. ह्यानं माशी मरत न्हाई म्हणला, निस्ती तिची पिल्लं मोठी व्हत न्हाईत."

त्यांनी कोनाड्यातून बाटली काढली. चिठ्ठीवरचं बारीक अक्षर मी मोबाईलने फोटो काढून मोठं केलं आणि परभणीच्या माझ्या मैत्रिणीला पाठवलं. आम्ही बी.एस्सी.ला एका बाकावर होतो. ती पुढे शिकली आणि आता कॉलेजात शिकवते. पाच मिनिटांत तिचा फोन आला. ती हसत होती.

"अगं, तुझ्या अळ्यांचं बालपण लांबलंय."

मी म्हटलं, हसू नको, समजावून सांग. तिने सांगितलं, आणि मी मामांच्या ओसरीवर पाठकोऱ्या कागदावर लिहून घेतलं.

अळीच्या अंगात दोन संप्रेरकांचं चालतं. एक म्हणतं, लहानच राहा. दुसरं म्हणतं, कात टाक. दोन्ही असली की अळी कात टाकते आणि त्यातून अळीच निघते, फक्त मोठी. चार वेळा असंच होतं. पाचव्या अवस्थेत पहिलं हळूहळू नाहीसं होतं. ते गेल्यावर दुसरं वाढलं की हुकूम बदलतो. खाणं बंद, जागा शोध, कोष कर. पहिल्याचा रेणू फार लहान असतो, पेशीत सरळ शिरतो. तिथे त्याच्या मापाचं एक प्रथिन असतं, त्याला जाऊन चिकटतो. मग ती जोडी डीएनएवर एका ठरलेल्या जागी बसते आणि तिथलं जनुक चालू ठेवते. त्या जनुकापासून जे प्रथिन बनतं त्याचं काम एकच, मोठं होण्याची जनुकं दाबून ठेवायची. त्यांची नक्कल निघू द्यायची नाही. मामांच्या बाटलीतला रेणू पहिल्या संप्रेरकासारखा दिसतही नाही फारसा, पण त्या प्रथिनाच्या खाचेत बरोबर बसतो. माशीच्या पिल्लाला वाटतं अजून लहानच राहायचंय, आणि ते तसंच मरतं. आमच्या अळ्यांनाही तसंच वाटलं.

"पण स्वतःचं संप्रेरक अळी मोडून टाकते ना? मग हे का नाही मोडत?"

"स्वतःचं मोडायला तिच्याकडे हत्यार आहे. हे उपरं आहे, त्याला ते हत्यार लवकर चालत नाही. हळूहळू जाईल. किती खाल्लंय त्यावर आहे. फार खाल्लं असेल तर खात खातच मरतील."

"आणि रेशीम?"

"रेशीम बनतंय गं. ग्रंथी भरलेल्या असणार. सोडायचा हुकूम नाही फक्त."

मी कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला. मामा अडकित्ता हातात धरून तसेच बसले होते.

"म्हंजी माजीच चूक झाली म्हणायची."

"तुमची नाही, मामा. तुम्ही मारणारं नको म्हणालात, दुकानदाराने न मारणारं दिलं, आणि मी मरत नाही म्हणून पास केलं. तिघांनीही बरोबरच केलं."

"आन् तरी इस्कोट झाला."

"आता आधी पाला बदलू. रडायचं ते नंतर."

जावेला सगळं सांगितलं. पाला मी पास केला होता हे आधी सांगितलं, उगाच शेवटी ठेवलं नाही. तिने हातातली फांदी खाली टाकली. मग म्हणाली, "बीएस्सीवाली नापास झाली म्हणा की."

"झाले."

"मंग आता पास व्हा. काय करायचं ते सांगा."

तिच्या बागेतलं एक पानही आता घालायचं नव्हतं. माझी ओढ्यापलीकडची अर्धी बाग पुढच्या बॅचसाठी राखलेली होती, पाला ऐन जोमात. तो मी तिच्या अळ्यांना द्यायचं ठरवलं आणि चॉकी केंद्राला फोन करून माझी पुढची पिल्लं रद्द केली. नवऱ्याने विचारलं, का? मी म्हटलं, पाला नाही. त्याने खिडकीतून ओढ्यापलीकडे बघितलं, हिरवीगार बाग बघितली, आणि पुढे काही विचारलं नाही. त्याचा हा गुण मी मानते.

ओढ्यातून भारे आणायचे म्हणजे गुडघाभर पाणी. मामा न सांगता आले. साठीच्या पुढचा माणूस, डोक्यावर तुतीचा भारा घेऊन दिवसातून तीन खेपा करायला लागला. जावेने नको म्हटलं तर म्हणाले, "गप. मऊ औषीद मी आणलंय, भारा पण मीच आणणार."

दीर मात्र घाईला आले होते. आभाळ रोज भरून यायचं. त्यांचं म्हणणं, एवढा पाला खाऊन शेवटी मरणारच असतील तर आजच खड्ड्यात टाका. चुकीचं नव्हतं ते. मलाही खात्री नव्हती. माझ्याकडे होत्या फक्त त्या सतरा अळ्या. त्यांनी तो पाला एकच दिवस खाल्ला होता आणि नंतर माझाच चांगला पाला. त्यांच्या अंगातला हुकूम सुटला तर जावेच्याही सुटेल, उशिरा का होईना. त्या खात खात मेल्या तर मग बोलायला जागा नव्हती. मी दिरांना म्हटलं, "भाऊजी, या सतरा बघा. यांनी कोष केला तर थांबायचं. नाही केला तर मी स्वतः तुमचा ट्रॅक्टर आत लावते."

"तुमाला रिव्हर्स येतो का?"

"शिकेन."

त्या सतरा मी वेगळ्या चंद्रिकेच्या तुकड्यावर, खाली पाला अंथरून, आमच्या ओसरीवरच ठेवल्या. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. येता जाता जो तो त्यांच्याकडे बघायचा. दीर चहाला आले की कप घेऊन त्यांच्यासमोरच बसायचे. सोळा तारखेची सकाळ गेली. दुपारी मी भाकरी टाकत होते तर बाहेरून दिरांचा आवाज आला, "वहिनी! एक येडी झालीय!"

तवा तसाच टाकून गेले. एक अळी पाला सोडून चंद्रिकेच्या घडीवर चढली होती आणि डोकं इकडून तिकडे, तिकडून इकडे हलवत होती. तिच्या तोंडापासून घडीपर्यंत जाळं लागलं होतं, बघायला वाकावं लागेल इतकं बारीक.

"येडी नाही झाली. मोठी झाली."

दीर बराच वेळ बघत बसले. भाकरी जळल्याचा वास आला तेव्हा कुठे उठलो. संध्याकाळपर्यंत चार, दुसऱ्या दिवशी आणखी अकरा. उरलेल्या दोन अळ्यांनी काहीच केलं नाही, त्या तशाच मेल्या.

जावेच्या अळ्यांनी आणखी वेळ घेतला. त्यांनी तो पाला कितीतरी दिवस खाल्ला होता. दुसऱ्या संप्रेरकासारखं एक वनस्पतीचं औषध मिळतं, पाल्यावर शिंपडून दिलं की अळ्या एकदम पिकतात. जाऊ म्हणत होती, आजच देऊ. मैत्रिणीने बजावलं होतं की पहिलं संप्रेरक उतरायच्या आधी दुसरं देऊन उपयोग नाही. आधी दहा-वीस आपल्या आपण पिकलेल्या दिसू देत. म्हणून आम्ही पाला घालत राहिलो आणि रोज सकाळी टॉर्च मारून एकेक फळी बघत राहिलो, कुठे पिवळी झाक दिसते का. या दिवसांत जावेने मला एकदाही दोष दिला नाही. टोमणे मात्र भरपूर मारले. पाला झटकताना म्हणायची, "आक्का, ह्या पानाची परीक्षा घेतली का? का असंच पास?"

एकोणीस तारखेला पहिल्या पिकल्या, मधल्या फळीवर. वीसला सकाळी औषध दिलं. दुपारनंतर शेडात कुरकुर कमी कमी होत गेली. ती थांबली तेव्हा आम्हाला दोघींना कानात काहीतरी बिघडल्यासारखं वाटलं. मग चढायला लागल्या. आम्ही हाताने उचलून उचलून चंद्रिकांवर टाकत होतो. जाऊ, मी, मामा आणि दीर. दिरांनी आयुष्यात पहिल्यांदा अळीला हात लावला. आधी दोन बोटांनी, तोंड वाकडं करून. मग ओंजळीने.

"गार लागतेय की," ते म्हणाले.

"मंग काय, भजी वाटली का?" जाऊ म्हणाली.

सगळ्या गेल्या नाहीत. पाचवा हिस्सा तरी पाल्यातच राहिला आणि पुढे मेला. त्या आम्ही चुना टाकून पुरल्या. पण बाकीच्यांनी कोष केले, आणि काढणीला ते हातात घेतले तर माझ्यापेक्षा मोठे. नुसते मोठे नाही, दाबले तर कडक. जास्त दिवस खाल्लं, ग्रंथीने जास्त दिवस नकला काढल्या, जास्त रस साठला. हिशोब सरळ आहे. ते औषध थोडंच पोटात गेलं तर असंही होतं, मैत्रीण म्हणाली, पण थोडं म्हणजे किती हे बागेच्या बांधावरून ठरवता येत नाही, नादाला लागू नको. मी लागणार नव्हते. मामांना मात्र फार बरं वाटलं.

"म्हंजी माजं औषीद वाईट न्हवतंच!"

"मामा, ती बाटली पुन्हा माझ्या बांधाला दिसली तर बघा."

पूर्ण्याच्या कोष-बाजारात व्यापाऱ्याने जावेचा कोष कानाशी धरून हलवला, माझा धरून हलवला आणि विचारलं, ही कुणाची शिकवण? जाऊ माझ्याकडे बोट करून म्हणाली, "ह्यांचीच. ह्यांनी नापास होऊन शिकवलं."

घरी आलो तर दीर शेडासमोर उभे होते. मी म्हटलं, आता बोला, भाऊजी. ते म्हणाले, बोलायचं काय त्यात, शब्द दिलता. मग जावेकडे वळून, तिच्याकडे न बघता, दाराच्या चौकटीकडे बघत विचारलं, "पुढची चॉकी कवा सांगायची?"

जाऊ म्हणाली, "पाला बघून." आणि माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विळा घेऊन तिच्या बागेत गेले आणि पश्चिमेच्या सहाही ओळी जमिनीपासून वीतभर ठेवून छाटल्या. पाला शेळ्यांना नाही, खड्ड्यात टाकला आणि वर माती ओढली. छाटलेल्या ओळींना पाणी सोडलं. नवीन फूट यायला लागायचे तेवढे दिवस लागतातच. मग विहिरीवर हात धुतले आणि चहाला तिच्याकडेच गेले.